आडोसा वाढवला की मासे बाहेर का येतात?

मागच्या महिन्यात मावशीचा फोन आला. "अगं, तू माशांवरच पीएचडी करतेस ना? मग सांग, माझे मासे बाहेर का येत नाहीत?"

व्हिडिओ कॉलवर पाहिलं. सहा निऑन टेट्रा फिल्टरमागच्या बोटभर फटीत दाटीवाटीने उभे होते. मासे नीट दिसावेत म्हणून मावशीने आधी टाकीतली झाडं काढली, मग लाकडाचा ओंडका काढला, आणि तरीही दिसेनात म्हणून जास्त वॉटचा नवा एलईडी लावला. चार दिवस कुणी धड खाल्लं नव्हतं आणि एकाचं पोट आत गेलेलं स्पष्ट दिसत होतं.

मी काम करते ते झेब्राफिशवर, निऑनवर नाही. पण प्रश्न ओळखीचा होता. आमच्याकडे एक सोपी चाचणी असते: अर्धी काळी, अर्धी पांढरी टाकी. प्रौढ झेब्राफिश त्यात सोडला की तो बहुतेक वेळ काळ्या बाजूला काढतो. दुसरी चाचणी त्याहून सोपी. मासा नव्या टाकीत टाकायचा आणि बघत बसायचं. तो आधी तळ गाठतो आणि काही मिनिटांनी हळूहळू वर यायला लागतो. चिंता कमी करणारी औषधं दिली की हा वेळ बदलतो, म्हणून औषधांच्या अभ्यासात ही चाचणी वापरतात. म्हणजे ज्याला आपण "लाजाळू मासा" म्हणतो, तो खरं तर हिशोब करत असतो: इथे मला कोण बघतंय, आणि पळायचं झालं तर कुठे?

आता प्रकाशाचं. माशांना पापण्या नसतात. बहुतेक हाडांच्या माशांची बाहुलीसुद्धा आपल्यासारखी लहान-मोठी होत नाही. मग ते प्रकाश सांभाळतात कसा? डोळ्याच्या आतली सगळी मांडणीच हलवून! अंधारात काम करणाऱ्या पेशींना 'रॉड' म्हणतात. उजेड झाला की त्या लांब होऊन मागच्या काळ्या रंगद्रव्याच्या थरात जातात, ते रंगद्रव्य पुढे पसरून त्यांना झाकतं, आणि उजेडात काम करणाऱ्या 'कोन' पेशी पुढे येतात. रात्री सगळं उलट. गंमत म्हणजे ही अदलाबदल व्हायला सेकंद नाही, मिनिटं लागतात, बऱ्याचदा अर्धा तास किंवा जास्त. निसर्गात पहाट तेवढा वेळ देते. आपण बटण दाबतो.

हे मला माहीत होतं, तरी पहिल्या वर्षी मी त्यात महिनाभराचा डेटा घालवला. मासे अंधाऱ्या खोलीतून उचलायचे, थेट दिव्याखालच्या टाकीत सोडायचे आणि रेकॉर्डिंग सुरू. पहिले काही मासे रोज तळाशी गोठून बसायचे. मी वहीत चक्क लिहिलं होतं, "भित्रा स्वभाव". गाइडने वही चाळून एवढंच विचारलं, "यांना उजेडात येऊन किती वेळ झालाय?" सगळं पुन्हा केलं.

निऑनकडे येऊ. हा मासा मूळचा पश्चिम अमेझॉन खोऱ्यातल्या ओढ्यांमधला. वर झाडांचं छत, खाली कुजलेल्या पानांचा थर. आपल्याकडे दुकानात मिळतात ते बहुतेक पैदास केलेले असतात, पण डोळे आणि भीती ओढ्यातलीच. त्याला उघड्या टाकीत, पांढऱ्या खडीवर, डोक्यावर प्रखर दिवा देऊन ठेवलं, तर खालूनही उजेड परततो आणि लपायला फक्त फिल्टर उरतो.

आडोसा काढल्यावर मासा जास्त दिसेल, हा तर्क आपल्याला पटतो, पण माशाचा हिशोब वेगळा आहे. खाण्यासाठी किती लांब जायचं हे जवळचा आसरा किती लांब आहे त्यावर ठरतं. दर वीतभर अंतरावर झुडूप असेल तर तो मधल्या मोकळ्या पाण्यात फिरतो. टाकीत एकच फट असेल तर त्या फटीला सोडत नाही. आणि हो, सोबतही लागते. कळपातला मासा इतरांकडे बघून धोका ठरवतो. सहा म्हणजे निऑनसाठी कमीच. जागा असेल तर दहा-बारा ठेवावेत.

मावशीला सांगितलं ते असं. ओंडका आणि झाडं परत टाक. पाण्यावर थोडी पिस्टिया तरंगू दे (जास्त झाली तर ओला कचरा, तलावात अजिबात नाही, भयंकर पसरते). दिवा आठच तास, आणि सकाळी आधी खोलीत उजेड, मग अर्ध्या तासाने टाकीचा. संध्याकाळी उलटं. शिवाय रस्त्यावरच्या जंगली बदामाची गळलेली, पूर्ण सुकलेली दोन पानं धुऊन टाक. त्यातल्या टॅनिनने पाणी तपकिरी होतं आणि उजेड मवाळ होतो. औषध फवारलेल्या झाडाची पानं मात्र नकोत.

दोन दिवसांनी पुन्हा घाबरून फोन. "यांचा निळा पट्टाच गेला!" पहाटे साडेपाचला टॉर्च मारून बघितलं होतं तिने. तो पट्टा रंगाचा नाहीच. पेशींमधल्या पातळ स्फटिकांच्या चकत्यांवरून परतणारा तो प्रकाश. अंधारात चकत्यांमधलं अंतर बदलतं आणि पट्टा फिकट जांभळट होतो. दिवस उजाडला की परत येतो. फक्त टॉर्च मारू नकोस म्हटलं.

पोट आत गेलेला मासा वाचला नाही. बाकीचे पाच नवव्या दिवशी झाडांच्या पुढे आले, मावशी समोर बसलेली असताना. आता कळप बाराचा आहे. मावशीची तक्रार एकच: पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं आणि पाहुणे विचारतात, "टाकी धूत नाही का?"