अक्रोडाचा दस्ता आणि ठाण्याची दमट हवा

बंदुकीची नळी आणि खटक्याची यंत्रणा ज्या लाकडात बसवलेली असते आणि ज्याचा मागचा भाग नेम धरताना खांद्याला टेकतो, त्या लाकडाला दस्ता म्हणतात. जुन्या रायफलीत पोलादाच्या आधी दस्ताच निकामी होतो, कारण यंत्रणेला घातलेले तेल वर्षानुवर्षे मुरून लाकूड मऊ पडते, ऋतूंबरोबर ते फुगते आणि आक्रसते, आणि अखेर गोळीच्या धक्क्याने तंतूंच्या दिशेने चिरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार थांबली, तरी तिच्यासाठी घेतलेल्या रायफली परवान्यासह पुढच्या पिढ्यांकडे येत राहिल्या. थ्री-नॉट-थ्री हा नळीचा लष्करी व्यास असल्यामुळे नागरिकांच्या हाती प्रामुख्याने ०.३१५ इंची रायफल आली. कोलकात्याजवळच्या इच्छापूर येथील सरकारी कारखान्यात बनलेली ही रायफल ली-एनफिल्ड या लष्करी रायफलीचीच बहीण आहे. अशा रायफलीला अक्रोडाचा नवा दस्ता बसवून त्याला रंग आणि झिलई देणे हे काम ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या हवेत कसे करावे, याचे उत्तर काश्मीरच्या किंवा इंग्लंडच्या कारागिरांपेक्षा वेगळे द्यावे लागते.

कल्याणच्या खाडीवर शिवकालात गलबते बांधली गेली ती सागवानाची, आणि आजही या पट्ट्यातील सुतार व पॉलिशवाले यांचा हात सागावरच बसलेला आहे. साग पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही, परंतु वारंवार बसणारा धक्का सोसण्यात तो कमी पडतो. अक्रोड मात्र चिवट, बेताच्या वजनाचा आणि वाळल्यावर आकार सहसा न सोडणारा असतो, त्याच्यावर बारीक कोरीवकाम स्वच्छ उतरते, आणि म्हणूनच युरोपातील बंदूककारांनी त्याला पहिली पसंती दिली. भारतात हे लाकूड मुख्यतः काश्मीर आणि हिमालयाच्या उतारांवरून येते. जम्मू-काश्मीरमध्ये १९६९ च्या कायद्याने अक्रोडाच्या तोडीवर निर्बंध असल्याने जुने, नीट मुरलेले लाकूड सहज हाती लागत नाही, आणि मिळालेला तुकडा वाया घालवणे परवडत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात आणि शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायाला स्वतंत्र परवाना लागतो, त्यामुळे रायफल नाक्यावरच्या सुताराकडे सोपवता येत नाही आणि लाकूड बसवण्याचे काम परवानाधारक बंदूककाराकडूनच करून घ्यावे लागते.

खरा प्रश्न ओलाव्याचा आहे. लाकूड भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवघेव करून काही काळाने समतोलाला येते. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या १६-१७ टक्क्यांपर्यंत जाते आणि हिवाळ्यात ते ११-१२ टक्क्यांवर उतरते. हा फरक पूर्णपणे आत पोहोचला, तर पाच सेंटिमीटर रुंदीचे लाकूड अर्धा ते पाऊण मिलिमीटर हलते. फर्निचरच्या फळीत हे कुणाच्या लक्षात येणार नाही. रायफलीत मात्र नळीखालचे लाकूड एका बाजूला वळून नळीवर दाबते आणि गोळी लागण्याची जागा सरकते. इच्छापूरच्या रायफलींमध्ये नळीखालच्या लाकडातून आडवा स्क्रू घातलेला दिसतो, तो हे लाकूड फाटू नये म्हणूनच. म्हणून बाहेरून आणलेला नवा दस्ता लगेच रंगवायला घेऊ नये. दोन-तीन महिने घरातील हवेशीर जागेत ठेवून त्याला इथल्या हवेची सवय होऊ द्यावी आणि पुढचे काम दिवाळीनंतर हाती घ्यावे.

घासकाम १२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने सुरू करून १८०, २४० आणि ३२० असे चढत जाते, आणि हात नेहमी तंतूंच्या दिशेनेच चालवावा लागतो. शेवटच्या फेरीआधी ओलसर फडके फिरवले की दबलेले तंतू उभे राहतात आणि लाकडावर बारीक लव जाणवते. ती वाळल्यावर घासून काढली नाही, तर पाण्यात कालवलेला रंग लावताना पृष्ठभाग पुन्हा खरखरीत होतो.

उत्तम अक्रोडाला रंगाची गरज नसते, हे स्पष्टपणे सांगायला हवे. रंग लागतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे झाडाच्या गाभ्याचे लाकूड गडद तपकिरी आणि सालीलगतचे फिकट असते, ती तफावत झाकण्यासाठी. आणि दुसरे म्हणजे ली-एनफिल्डचा दस्ता मागचा आणि पुढचा अशा स्वतंत्र लाकडांचा असल्यामुळे नवा तुकडा जुन्याशी जुळवण्यासाठी. इंग्लिश बंदूककार यासाठी अळशीच्या तेलात एक लाल मूळ भिजवत असत. त्याच कुळातील रतनजोत आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. तिचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात मात्र गडद माणकासारखा उतरतो आणि अक्रोडाच्या करड्या छटेला ऊब आणतो. कोणताही रंग आधी त्याच लाकडाच्या कपच्यावर लावून, वर तेलाचा हात देऊन पाहावा, कारण कोरडा रंग आणि तेलाखालचा रंग यांत पुष्कळ अंतर असते.

झिलईच्या बाबतीत सैन्यांनीही वेगवेगळे मार्ग धरले. ब्रिटिशांनी कच्चे अळशीचे तेल वापरले, रशियनांनी लाखेचे पॉलिश आणि अमेरिकनांनी पुढे टंग या चिनी झाडाच्या बियांचे तेल. अळशीचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. ते सुंदर दिसते, पण बाष्प फारसे अडवत नाही, आणि दमट दिवसांत त्यावर बुरशी धरते. आपल्या पॉलिशवाल्यांची स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख बाष्प अधिक चांगले रोखते, मात्र पावसाळ्यात लावली तर तिच्यावर पांढरी झाक येते आणि घाम व सफाईची द्रावणे तिला सोसत नाहीत. म्हणून या पट्ट्यात टंग तेल, किंवा तेलात थोडे वॉर्निश मिसळलेले मिश्रण, हीच निवड योग्य ठरते. पहिले दोन हात ओल्या तेलातच बारीक पेपरने घासावेत, म्हणजे निघालेला भुसा तेलात कालवला जाऊन अक्रोडाची उघडी छिद्रे त्याच्याच रंगाने भरतात. पुढचे हात तळव्याने, अगदी पातळ द्यावेत, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले तेल पुसावे आणि प्रत्येक हाताला किमान एक दिवस वाळू द्यावे. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत; तेल घट्ट होताना उष्णता निर्माण होते, ती बोळ्यात कोंडते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. डोंबिवलीच्या चाळीत किंवा बंद फ्लॅटमध्ये हा धोका मोठा आहे, म्हणून ती पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा एकेक पसरून वाळवावीत.

बहुतेक दस्ते वरून चकाकतात आणि आतून कोरडे राहतात, आणि त्यांचे नुकसान तिथूनच सुरू होते. नळीची खाच, यंत्रणेचे कप्पे, स्क्रूची भोके आणि विशेषतः मागच्या धातूच्या पट्टीखालचे कापलेले टोक, जिथे तंतूंची तोंडे उघडी असतात आणि पाणी सर्वांत वेगाने शिरते, तिथे बाहेरच्याइतकेच हात द्यावे लागतात, फक्त थर इतका पातळ हवा की बसणीत फरक पडू नये. मे महिन्याच्या अखेरीस बंदूककाराकडून ती पट्टी काढून घेऊन टोकाला तेलाचा एक हात द्यावा, आणि पावसाळ्यात रायफल कातडी किंवा कॅनव्हासच्या खोळीत न ठेवता परवान्याच्या नियमांनुसार कुलूपबंद, पण हवा खेळेल अशा कपाटात ठेवावी.