ग्राफिक्स कार्डाची वीज

गिरगांवाला लागून असलेल्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्रींच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, संगणकाचे सुटे भाग घेणाऱ्यांची वर्दळ बारमास असते. ग्राफिक्स कार्ड मागणारें गिऱ्हाईक तेथें बहुधा स्मृति किती आणि वेग किती एवढेंच विचारतें. विजेचा प्रश्न त्याला घरीं गेल्यावर सुचतो. उंची कार्डाच्या बाबतींत हा क्रम उलटा असावयास हवा.

पडद्यावरील चित्र म्हणजे लक्षावधि ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाचें गणित बव्हंशीं स्वतंत्र असतें. त्यामुळें एका हुषार गणित्यापेक्षां एकाच वेळीं आंकडेमोड करणारे हजारों साधे गणिती येथें अधिक कामाचे. २०२५ च्या जानेवारींत विक्रीस आलेल्या एन्व्हिडिया कंपनीच्या 'आरटीएक्स ५०९०' या कार्डांत अशीं २१,७६० गणनकेंद्रें आहेत. एका इंचाहून किंचित् मोठ्या चौकोनी चकतीवर ९,२२० कोटी ट्रान्झिस्टर बसविलेले आहेत, आणि पूर्ण कामाला लागल्यावर हें कार्ड ५७५ वॅटपर्यंत वीज घेतें. घरांतील साधे सात-आठ पंखे एकदम फिरावेत, इतकी ही वीज झाली.

खरी अडचण वॅटांची नाहीं, प्रवाहाची आहे. विजेचा दाब व्होल्टांत मोजतात व प्रवाह अँपिअरांत; दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट. चकतीला दाब हवा जेमतेम एक व्होल्टाचा, म्हणून प्रवाह शेंकडों अँपिअरांचा होतो. आणि प्रवाह दुप्पट झाला कीं तारेंत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. परळ-लालबागच्या गिरण्यांना खोपोलीची वीज १९१५ सालीं मिळूं लागली, तेव्हां टाटांच्या इंजिनिअरांपुढें हाच नियम उभा होता. घांटाच्या पायथ्यापासून मुंबईपर्यंत वीज आणावयाची, तर दाब सुमारें लाख व्होल्टांवर न्यावा, म्हणजे प्रवाह लहान राहतो. उतरवावयाचा तो मुक्कामाजवळ. संगणकांतहि तेंच घडतें. भिंतींतील २३० व्होल्टांचे पुरवठापेटींत १२ होतात, आणि १२ चा एक व्होल्ट अगदीं चकतीच्या उंबरठ्याशीं, कार्डावरच्या नियामकांत होतो.

दुखणें मधल्या १२ व्होल्टांच्या टप्प्यांत आहे. तेथें सुमारें ४८ अँपिअर एका बोटभर रुंदीच्या जोडणींतून जातात. सहा तारांना प्रत्येकीं आठ. जुन्या आठ खिळ्यांच्या जोडणींत हा वांटा चारांच्या आसपास असे. आंत गेल्यावर सहाही तारा एक होतात, त्यामुळें एका खिळ्याचा स्पर्श सैल राहिला तर त्याचा भार मुकाट्यानें शेजारच्यांवर पडतो. २०२२ मध्यें याआधींच्या '४०९०' कार्डाच्या जोडण्या वितळल्याच्या तक्रारी जगभर झाल्या. खटका पुरता बसविला गेला नव्हता, असें कंपनीचें म्हणणें पडलें. २०२३ मध्यें जोडणीचा नमुना सुधारला: सूचना देणारे बारीक खिळे आंखूड केले, जेणेंकरून जोडणी अर्धवट राहिल्यास वीजच मिळूं नये. तरीहि 'टक्' असा आवाज येईपर्यंत ती दाबणें आणि तार मुळाशींच न वांकविणें, या दोन गोष्टी घेणाऱ्याच्याच हातीं राहतात.

या कार्डासाठीं १,००० वॅटांची पुरवठापेटी सुचविलेली आहे. सगळा संगणक भरांत असतां भिंतींतून चारएक अँपिअर ओढले जातात. सहा अँपिअरांच्या खटक्याला एवढें झेपतें. पण त्याच फळ्यावर इस्त्री लावली, तर मुळीच नाहीं. दादर-गिरगांवच्या जुन्या चाळींतील तारा दोन दिवे आणि एक पंखा धरून घातलेल्या असल्यास आधीं वायरमनला दाखवाव्या. तिसरा, जमिनीचा खिळा नुसता दिसण्यापुरता तर नाहीं ना, हेंहि पाहून घ्यावें.

घेतलेली सारी वीज शेवटीं उष्णताच होते. कार्डावरचे धातूचे पत्रे आणि पंखे ती नाहींशी करीत नाहींत, खोलींत आणून सोडतात. दहा-बारा फुटांच्या खोलींत मे महिन्यांत याचा अर्थ काय, हें मुंबईकराला सांगावयास नको. रोज चार तास पूर्ण भार धरला, तर एकट्या कार्डाचीं महिन्याला ६९ युनिटें होतात, आणि बेस्टच्या बिलांतील दर पायरीपायरीनें चढत जातो. मात्र कार्डाच्या आज्ञावलींत विजेची मर्यादा ४०० वॅटांपर्यंत खालीं आणतां येते. वेग घटतो, पण विजेच्या मानानें पुष्कळच कमी. खेळणाऱ्याच्या तर तें बहुधा ध्यानींहि येत नाहीं.