घराभोवती माड लावताना

कोकणच्या किनाऱ्यावरील घराची ओळख दुरूनच पटते ती त्याच्या छपरावर डोलणाऱ्या माडांमुळे. माड अंगणाला शोभा आणतो आणि घराला नारळ, झाप, काथ्या व सरपण पुरवितो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक घरांची ही जुनी सोबत एका दिवसात आडवी झाली. बाणवली जातीचा नवा माड फळावर येण्यास सहा ते सात वर्षे लागतात. म्हणून लागवडीच्या वेळीच काळजी घेणे अगत्याचे आहे.

प्रथम जागेचा विचार करावा. माडास भरपूर ऊन लागते व मुळाशी पाणी साचलेले त्यास सोसत नाही. पूर्ण वाढलेली झावळी पाच ते सहा मीटर लांब होते. तेव्हा रोप भिंतीला लागून, विजेच्या तारांखाली किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी लावू नये. दोन माडांत साडेसात मीटर अंतर असावे. सावलीचा कोपरा पोफळीसाठी राखावा. कोवळ्या पोफळीस कडक ऊन मानवत नाही.

उन्हाळ्यात एक मीटर लांब, रुंद व खोल असा खड्डा खणावा आणि तो चांगली माती व कुजलेले शेणखत यांनी भरावा. रोप नऊ ते बारा महिन्यांचे, आखूड व जाड बुंध्याचे आणि पाच-सहा पानांचे निवडावे. पावसाळ्याच्या आरंभी ते लावताना नारळ मातीत झाकला जाईल, पण कोंब गाडला जाणार नाही, अशी दक्षता घ्यावी. पहिले दोन उन्हाळे रोपास सावली व नियमित पाणी द्यावे.

आंब्याची फांदी तोडली तर दुसरी फुटते. माडास मात्र शेंड्यातील एकच कोंब असतो; तो मेला की माड मेला. शिवाय त्याच्या खोडावरील जखम कधीच भरून येत नाही. यासाठी खोडावर खाचा पाडू नयेत व हिरव्या झावळ्या उगाच तोडू नयेत.

या कोंबाचा मोठा शत्रू गेंड्या भुंगा होय. तो न उमललेले पान कुरतडतो. ते उमलले की पंख्यासारखे कातरलेले दिसते. त्याच्या अळ्या उकिरड्यात व कुजणाऱ्या माडाच्या खोडात वाढतात. म्हणजे अंगणातील माडाचा वैरी पुष्कळदा त्याच घराच्या उकिरड्यात पोसला जातो! उकिरडा वरचेवर उपसून अळ्या वेचून माराव्यात. वादळात पडलेली खोडे कुजत न ठेवता त्यांची विल्हेवाट लावावी. शेंड्यातील भुंगा तारेच्या आकड्याने ओढून काढावा. त्याने केलेल्या जखमेतून सोंड्या भुंगा आत शिरतो. खोडावरील भोकांतून तांबूस चिकट द्रव झिरपू लागल्यास विलंब न लावता कृषी विभागाचा सल्ला घ्यावा.

पाच वर्षांवरील माडास दरवर्षी ५० किलो शेणखत, १ किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद व १ किलो पालाश मिळावयास हवे. पहिल्या वर्षी याचा पाचवा हिस्सा पुरे. पुढे दरवर्षी तितकाच वाढवीत जावे. नत्र व पालाश तीन समान हप्त्यांत द्यावे. खत बुंध्याशी न टाकता आळ्यात पसरून मातीत मिसळावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी आपल्या गावातील उकिरडे व पडलेली खोडे पाहून घ्यावीत. एका अंगणातील भुंगा शेजारच्या अंगणात सहज उडून जातो. म्हणून हे काम एकट्या घराने करून भागत नाही. साऱ्या वाडीने ते एकाच वेळी केले, तरच नव्याने लावलेले माड पुढील पिढीच्या घरावर डोलतील.