माडाचा शिरका आणि संसारातील काटकसर

काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. कंजूष मनुष्य गरजेची वस्तूही घेत नाही. काटकसरी गृहिणी गरजेची वस्तू घेते आणि घेतलेल्या वस्तूकडून पुरेपूर काम करून घेते. या दृष्टीने आज घराघरांतील मोरीजवळची फळी पाहण्यासारखी झाली आहे. काचा पुसण्यासाठी एक बाटली, नळावरचे पांढरे डाग घालविण्यासाठी दुसरी, मासळीचा वास मारण्यासाठी तिसरी, बुरशीसाठी चौथी! प्रत्येकीचा रंग निराळा, सुगंध निराळा आणि किंमतही निराळी. परंतु यांपैकी कित्येक कामे एकाच साध्या आंबट द्रवाने होण्याजोगी आहेत. तो द्रव म्हणजे शिरका. गोमंतकात त्याला विनागर म्हणतात आणि दुकानातील बाटलीवर व्हिनेगर असे छापलेले असते.

घरखर्चाचा हा प्रश्न किरकोळ नाही. 2012 साली खाणींचे काम थांबले तेव्हा डिचोली तालुक्यातील अनेक घरांत दरमहा येणारा पैसा एकाएकी आटला. ट्रक दारात उभे राहिले, कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. अशा वेळी संसार सावरतो तो मोठ्या योजनांनी नव्हे, तर रोजच्या खर्चातील पाच-दहा रुपयांच्या गळती बुजवून. शिरक्याचा विचार त्या दृष्टीने व्हावयास हवा.

सुरेपासून शिरक्यापर्यंत

फ्रेंच भाषेत शिरक्याला जे नाव आहे त्याचा अर्थ ‘आंबट झालेले द्राक्षमद्य’ असा होतो. पोर्तुगीजांचे ‘विनाग्रे’ तेच आणि कोंकणीतील ‘विनागर’ त्याचाच अवतार. मराठीतील ‘शिरका’ हा शब्द मात्र फारसीतून आला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गोव्यात आले, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकाला शिरका हवाच होता. पण येथे द्राक्षांचे मळे नव्हते, माडांच्या बागा होत्या. मग माडाच्या सुरेचा शिरका त्या जागी आला. बार्देश, तिसवाडी आणि सासष्टी या जुन्या काबिजादींतील ख्रिस्ती घरांत विंदालू, सोरपोतेल यांसारखे पदार्थ त्यावाचून होत नाहीत. पेडणे आणि डिचोली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे गेले. तेथील बहुसंख्य घरांत आंबटपणासाठी भिंडाची सोले, चिंच, कैरी, आंबाडे आणि बिमली यांचाच मान राहिला. म्हणून मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यावर माड डोलत असले, तरी शिरक्याची बरणी तेथील प्रत्येक घरात असेलच असे नाही.

शिरका होतो कसा, हे समजले म्हणजे त्याचा उपयोगही समजतो. रेंदेर माडावर चढून न उमललेली पोय बांधतो, तिचे टोक कोयतीने रोज थोडेथोडे कापतो आणि खाली मडके लावतो. त्यात थेंबथेंब गळणारा ताजा रस गोड असतो. काही तासांतच हवेतील व मडक्यातील किण्वाच्या सूक्ष्म पेशी त्या साखरेचे मद्यार्कात रूपांतर करू लागतात आणि रस फेसाळतो. ही सूर तशीच उघडी राहिली की दुसऱ्या जातीचे जंतू तिच्यावर काम करू लागतात. ते हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने मद्यार्काचे आम्ल बनवितात. या आम्लालाच शास्त्रात ॲसिटिक आम्ल म्हणतात. शिरका आपोआप ‘बिघडून’ होत नाही, त्यामागे सजीव जंतूंचे काम असते, हे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1860 नंतरच्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिले.

यावरून घरी शिरका करणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, भेसळ नसलेली सूर रुंद तोंडाच्या मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात घ्यावी, ती काठोकाठ भरू नये आणि तोंडाला स्वच्छ फडके बांधावे; कारण या जंतूंना हवा लागते. दुसरी, घाई करू नये. पृष्ठभागावर सायीसारखा पापुद्रा धरतो, तो नासल्याचे नव्हे तर काम चालू असल्याचे लक्षण असते. काही आठवड्यांनी मद्याचा वास जाऊन स्वच्छ, तीव्र आंबट वास येतो. मग गाळून बाटल्या गच्च भरून बुचे लावावीत. तांबे, पितळ वा ॲल्युमिनियमच्या भांड्यात तो कधीही ठेवू नये. आम्लाने तांब्या-पितळेवर विषारी हिरवा जंगाल चढतो.

राख आणि चिंच

शिरका कोठे चालतो आणि कोठे चालत नाही, हे ओळखण्याची किल्ली जुन्या मोरीतच ठेवलेली आहे. पूर्वी भांडी घासायला बसणाऱ्या बाईजवळ दोन वस्तू असत : चुलीतली राख आणि चिंचेचा चोथा. तुपकट कढई राखेने निघे, कारण राख क्षारधर्मी आहे आणि क्षार तेलाला सोडवितो. काळवंडलेली समई चिंचेने उजळे, कारण धातूवरील काट आम्लात विरघळते. साबण आणि सोडा हे राखेच्या कुळातले. लिंबू, आमसूल आणि शिरका हे चिंचेच्या कुळातले. तेव्हा ज्या कामाला पूर्वी चिंच लागली असती, तेथे शिरका वापरावा. ज्या कामाला राख लागली असती, तेथे शिरका ओतणे म्हणजे पैसा मोरीत ओतणे होय. तेलाने तुंबलेली मोरी शिरक्याने मोकळी होत नाही. तेथे कढत पाणी आणि साबणच हवा.

हे तत्त्व लक्षात आले की आजकाल फार ऐकू येणाऱ्या एका सल्ल्यातील फोलपणाही कळतो. शिरका आणि खाण्याचा सोडा एकत्र केला की मोठा फेस येतो व पाहणाऱ्याला काम झाल्यासारखे वाटते. वस्तुतः राख आणि चिंच एकमेकींत कालवल्यासारखेच ते आहे. आम्ल क्षाराला मारते, क्षार आम्लाला मारतो, वायू उडून जातो आणि मागे बहुतांशी मिठाचे पाणी उरते. दोन्ही वस्तू निरनिराळ्या वेळी वापरल्या तर दोन कामे होतात. एकत्र केल्या तर एकही धड होत नाही.

रोजचे उपयोग

ज्या गावच्या पाण्यात चुन्याचा अंश असतो, तेथे पाणी तापविण्याच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. या थरामुळे उष्णता पाण्यापर्यंत लवकर पोहोचत नाही आणि वीज किंवा गॅस फुकट जातो. अशा भांड्यात निम्मा शिरका व निम्मे पाणी घालून तापवावे आणि अर्धा तास तसेच ठेवावे. चुन्याचा थर आम्लात विरघळतो. नंतर भांडे धुऊन एकदा साधे पाणी उकळून फेकून द्यावे. नळाच्या तोंडावर असा थर असेल तर शिरक्यात भिजविलेले फडके त्याला तासभर गुंडाळून ठेवावे.

मासळी खाणाऱ्या घरात या द्रवाचे मोल विशेष आहे. बांगडे, तारले साफ केल्यावर हाताला, विळीला आणि पाटाला जो वास राहतो, तो क्षारधर्मी द्रव्यांचा असतो. आम्लाचा स्पर्श होताच ती द्रव्ये हवेत उडेनाशी होतात आणि वास दबतो. वाटीभर पाण्यात दोन चमचे शिरका या कामाला पुरतो. अर्थात त्यानंतर साबणाने धुणे सुटत नाही.

काचा आणि आरसे पुसण्यास एक भाग शिरक्यात चार भाग पाणी घालावे. म्हणजे 750 मिलिलिटरच्या एका बाटलीतून काचा पुसण्याचे पाच बाटल्या पाणी तयार होते. पुसण्यास जुने सुती कापड उत्तम. पावसाळ्यात, जेव्हा गोव्यात वर्षाकाठी पडणाऱ्या सुमारे 3000 मिलिमीटर पावसाचा बहुतेक भाग चार महिन्यांत कोसळतो, तेव्हा कपाटांच्या फळ्यांवर बुरशी धरते. अशा फळीवर पाणी न घालता शिरक्याचे फडके फिरवावे, तासाभराने पुसून काढावे व कपाट वाऱ्याला उघडे ठेवावे. मात्र ओल राहिली तर बुरशी परत येणारच.

गंजलेले बोल्ट, कड्या वा कोयता रात्रभर शिरक्यात ठेवून सकाळी ब्रशाने घासले, लगेच धुऊन कोरडे केले आणि तेलाचा हात लावला, तर पुष्कळदा नवी वस्तू घेण्याचा खर्च वाचतो. कपड्यावरील गंजाच्या डागाला शिरक्यापेक्षा लिंबू आणि मीठ अधिक मानवते. खाणपट्ट्यातील तांबडी धूळ कपड्यावर बसते तिची गोष्ट निराळी. ती आम्लात विरघळत नाही, म्हणून आधी झटकणे आणि मग साबण हाच तिचा उपाय. नव्या सुती लुगड्याचा रंग शिरक्याने पक्का होतो ही समजूतही खरी नाही. सुती कापडाच्या रंगावर शिरक्याचा तसा परिणाम होत नाही.

येथे शिरका नको

जे आम्ल भांड्यातला चुना खाते, ते घरातला इतर चुनाही खाते. चुन्याने रंगविलेल्या भिंती, संगमरवर, सिमेंटच्या रंगीत लाद्या यांवर शिरका ओतल्यास त्यांची झिलई कायमची जाते. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने बसविलेली आढळतात. ती काच समजून शिरक्याने पुसली, तर पूर्वजांनी जपलेली वस्तू हळूहळू विरघळेल. मोती आणि शिंपल्याच्या गुंड्यांनाही हाच नियम लागू. बिडाच्या तव्यावर आंबोळ्या घालून जो तेलकट कस चढलेला असतो, तोही आम्लाने उतरतो.

याहून गंभीर इशारा ब्लीचिंग पावडरीचा आहे. विहिरीत टाकण्यासाठी किंवा न्हाणीघर धुण्यासाठी ती अनेक घरांत असते. तिच्यात किंवा कपडे पांढरे करण्याच्या द्रवात शिरका मिसळला की क्लोरीन वायू सुटतो. 1915 साली बेल्जममधील ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांना गुदमरविणारा वायू तो हाच. दोन्हींनी अधिक स्वच्छता होईल अशा भाबड्या समजुतीने बंद न्हाणीघरात असा प्रयोग करणे जिवावर बेतू शकते. या दोन वस्तू एका फळीवरही ठेवू नयेत. तसेच घरात साथीचा आजार असताना शिरक्याला जंतुनाशक समजू नये. त्या कामाला तो अपुरा आहे.

कोणता शिरका, कोणत्या कामाला?

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक, सूर, ऊस वा फळांचा रस आंबवून केलेला; दुसरा, कारखान्यातील ॲसिटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेला. भारतातील अन्नविषयक नियमांप्रमाणे शिरक्यात आम्लाचे प्रमाण किमान 3.75 टक्के असावे लागते आणि कृत्रिम शिरक्यावर तसा स्पष्ट उल्लेख असावा लागतो. बाटली घेताना ही ओळ अवश्य वाचावी. प्रयोगशाळेतील तीव्र ॲसिटिक आम्ल आणून घरी पाणी घालण्याची काटकसर मात्र कोणीही करू नये. त्याने कातडी भाजते आणि डोळे जातात.

घासण्या-पुसण्याला स्वस्त कृत्रिम शिरका पुरेसा आहे. सुरेचा शिरका कांदा, मिरची, मासळीचे लोणचे आणि मांसाचे कालवण यांसाठी राखावा. लोणच्यात शिरका सांगितलेल्या प्रमाणाहून पातळ करू नये, कारण आंबटपणा कमी झाला की नासवणाऱ्या जंतूंना वाव मिळतो. आणि देवाची पितळी उपकरणी घासायला तर शिरका विकत घेण्याचे कारणच नाही. सार काढून उरलेला चिंचेचा चोथा ते काम फुकट करतो. घरात जे आम्ल आधीच आहे, त्यासाठी पैसा न मोडणे हीच पहिली काटकसर.

आणखी एक विचार पैशाच्या हिशेबात बसत नाही, तरी तो केला पाहिजे. सुरेच्या शिरक्याच्या एका बाटलीमागे रेंदेराचे रोजचे माडावर चढणे-उतरणे असते. पावसाने निसरड्या झालेल्या खोडावर हे काम जोखमीचे आहे आणि नव्या पिढीतील थोडेच तरुण त्याकडे वळतात. तेव्हा खरा शिरका चार पैसे महाग पडला तर तो महाग म्हणू नये. तो जपून, त्याच्या योग्य जागी वापरावा. गृहिणीने एका वहीत महिनाभर मोरीवरील बाटल्यांचा खर्च लिहावा, पुढच्या महिन्यात त्यांतल्या किती बाटल्यांवाचून चालले तेही लिहावे आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. वाचलेली रक्कम लहान असेल. पण मुलाच्या वह्या-पुस्तकांना ती उपयोगी पडली, तर तिचे मोल आकड्याहून मोठे ठरेल.