दुर्मीळाच्या शोधात यंत्राचे बोट

रात्रीचे दोन वाजलेले असतात. घरातली सगळी मंडळी गाढ झोपलेली असतात. मुलाच्या खोलीतला टीव्ही मात्र चालू असतो. पडद्यावर एक अजस्र प्राणी येतो, डरकाळी फोडतो, खेळ बंद होतो, पुन्हा सुरू होतो आणि तोच प्राणी पुन्हा डरकाळी फोडत समोर येतो. असे शेकडो वेळा घडते, पण टीव्हीसमोर खेळणारे कुणीच नसते. खेळाच्या यंत्राला वायरने जोडलेली, काड्यापेटीएवढी एक इलेक्ट्रॉनिक पट्टी तेवढी असते. बटणे तीच दाबत असते.

हा खेळ पोकेमॉनचा. आपल्याकडच्या मुलांना तो २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर हिंदी बोलणाऱ्या मालिकेतून कळला. पिवळ्या पिकाचूच्या पिशव्या आणि डबे तेव्हापासून घराघरांत आले. मूळ खेळ मात्र त्याआधीचा, फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानमध्ये ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी निघालेला. तो रचणारे सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करत. त्यांच्या गावातली शेते आणि तळी वाढत्या वस्तीने गिळली, तेव्हा किडे पकडण्याची ती मौज पुढच्या मुलांना पडद्यावर तरी मिळावी, अशी त्यांची कल्पना होती. गवतात शिरायचे, समोर येईल तो प्राणी चेंडू फेकून पकडायचा आणि मित्राशी अदलाबदल करायची, इतका हा साधा छंद आहे.

या छंदाला खरे वेड लागले ते १९९९ च्या नोव्हेंबरपासून. त्या महिन्यात आलेल्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या खेळांत एका तळ्यावर लाल रंगाचा गॅराडोस दिसू लागला. एरवी हा सर्पासारखा प्राणी निळा असतो. हा एक लाल गॅराडोस सर्वांनाच भेटत असे. पण त्यानिमित्ताने मुलांना समजले की, खेळातल्या इतर प्राण्यांचेही असे वेगळ्या रंगाचे भाऊबंद आहेत आणि ते क्वचितच दर्शन देतात. समोर येताना त्यांच्या अंगावर चांदण्या चमकतात, म्हणून त्यांना ‘शायनी’ म्हणतात. लढाईत त्यांचा काडीचाही जास्त उपयोग नसतो. फरक फक्त रंगाचा. पण छापताना चूक झालेल्या टपाल तिकिटासाठी जीव टाकणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचे नवल वाटू नये.

नशिबाचा हिशेब

सुरुवातीला शायनी भेटण्याची शक्यता ८,१९२ भेटींत एक इतकी होती. २०१३ च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’ या खेळांपासून ती ४,०९६ मध्ये एक झाली. काही युक्त्यांनी ती आणखी सुधारते. दोन वेगळ्या भाषांतल्या खेळांतले प्राणी एकत्र ठेवून त्यांची अंडी उबवली, तर शायनी पिल्लू निघण्याचा संभव बराच वाढतो. खेळाच्या निर्मात्यांपैकी जुनिची मासुदा यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. पण खेळात एकदाच भेटणाऱ्या मोठ्या, दंतकथेतल्या प्राण्यांना ही युक्ती सहसा लागू पडत नाही. त्यांच्यासाठी एकच मार्ग उरतो. प्राण्यासमोर उभे राहून खेळाची नोंद करून ठेवायची, भेट घ्यायची, रंग नेहमीचाच निघाला तर खेळ बंद करून पुन्हा त्या नोंदीपासून सुरू करायचा.

समजा, एका खेपेला एक मिनिट लागले. ४,०९६ खेपांना ६८ तास होतात. शाळा-अभ्यास सांभाळून मुलगा रोज तीन तास बसला, तर तेवीस दिवस. बरे, इतके करून प्राणी मिळेलच असे नाही. नाण्याला मागचा कौल आठवत नाही, तसे खेळालाही आधीच्या खेपा आठवत नाहीत. ४,०९६ खेपा करणाऱ्या शंभर मुलांपैकी साधारण सदतीस मुले रिकाम्या हातानेच उठतील. तिप्पट खेपा करूनही शंभरात पाच जण कोरडेच राहतील. ‘इतके झाले, आता पुढचा नक्की’ असे म्हणत जो बसून राहतो, तो जुगाराच्या अड्ड्यावरच्या माणसाचीच चूक करत असतो, फक्त खिशातून पैसे जात नाहीत एवढेच. जातात ते तास, आणि तेही एकच बटण दाबत.

कंटाळा माणसाला कल्पक बनवतो. पूर्वी अंडी उबवण्यासाठी खेळातल्या पात्राला मैलोगणती चालवावे लागे, तेव्हा मुले यंत्राच्या दांडीला रबरबँड लावून पात्र गोल फिरत ठेवत आणि खुशाल जेवायला जात. आजचे स्वयंचलित शोधक हे त्या रबरबँडचेच शिकलेले नातू आहेत.

बोट यंत्राचे, डोळाही यंत्राचा

जुन्या दोन पडद्यांच्या यंत्रावर काहींनी चिमुकल्या मोटारी बसवून खरोखरच बटणे दाबवली. २०१७ मध्ये आलेल्या निन्तेंदो स्विचने काम सोपे केले. आपल्याकडे अभियांत्रिकीची मुले प्रकल्पासाठी वापरतात त्या अर्डुइनोसारखी पट्टी स्विचला जोडायची. पट्टी स्वतःची ओळख ‘मी खेळण्याचा कंट्रोलर आहे’ अशी करून देते आणि स्विच ते खरे मानतो. मग ‘हे बटण दाब, तीन सेकंद थांब, ते बटण दाब’ अशी आज्ञांची यादी पट्टीत भरली की झाले.

पण बटण दाबणे हा सोपा भाग. अवघड भाग आहे थांबणे. शायनी समोर आला आणि यंत्राला तो कळला नाही, तर यंत्र नेहमीप्रमाणे खेळ बंद करेल. मग हजारो खेपांनंतर आलेला तो प्राणी कायमचा गेला, आणि गेला हे मालकाला कळणारसुद्धा नाही! म्हणून या कार्यक्रमांची सारी बुद्धी ओळखण्यावर खर्च झालेली असते.

रंग ताडून पाहावा, तर गेंगारसारख्या जांभळ्या भुताचा शायनी नेहमीच्या गेंगारहून इतका थोडा वेगळा असतो की माणसाचा डोळाही फसतो. २०२२ च्या ‘लेजंड्स : आर्सियस’ या खेळात शायनी जवळ आला की विशिष्ट आवाज होतो, तिथे संगणक कान लावून बसतो. पण त्याच वर्षीच्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये मोकळ्या रानात हिंडणारा शायनी ना वाजतो ना चमकतो. सर्वांत हुशार उपाय घड्याळाचा आहे. शायनीच्या अंगावरच्या चांदण्या चमकून जायला थोडा वेळ लागतो, म्हणून पुढच्या आज्ञांची चौकट पडद्यावर किंचित उशिरा उमटते. यंत्र प्राण्याकडे पाहतच नाही, ते फक्त तो उशीर मोजते. पाहुण्याचा चेहरा न बघता, दाराशी चपला काढायला किती वेळ लागला यावरून पाहुणा ओळखावा, तसे!

यंत्राचा काटेकोरपणा त्याच्यावरच उलटतो, अशीही एक गंमत आहे. संगणकाचे नशीब खरे नशीब नसते, ती गणिताने काढलेली आकड्यांची रांग असते. २००४ च्या ‘एमराल्ड’ या खेळात, खेळ सुरू केला की ही रांग दर वेळी एकाच ठिकाणाहून सुरू होते आणि सेकंदाला सुमारे साठ पावले पुढे सरकते. माणसाचा हात कधीच दोनदा नेमक्या त्याच क्षणी बटण दाबत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला दर वेळी निराळा आकडा येतो. यंत्र मात्र अचूक त्याच क्षणी दाबते आणि रात्रभर तोच तो प्राणी पुन्हा पुन्हा पाहत राहते. म्हणून तिथे यंत्राला मुद्दाम धांदरट बनवावे लागते, दर खेपेला थोडे थोडे उशिरा दाबायला शिकवावे लागते.

आणि काही शोध मुळातच पालथ्या घड्यावरचे पाणी असतात. २०१९ च्या ‘स्वोर्ड’ आणि ‘शील्ड’ या खेळांतले मुख्य प्राणी, झॅशियन आणि झॅमाझेंटा, तिथे शायनी रूपात येऊच नयेत अशी सोय निर्मात्यांनी करून ठेवली आहे. ही चौकशी न करता कुणी यंत्र लावले, तर ते वर्षभर चालले तरी उपयोग नाही.

लबाडी कुठे सुरू होते?

यंत्राने मिळवलेला शायनी ‘आपला’ म्हणावा का, यावर खेळणाऱ्यांत कडाक्याचे वाद आहेत. एक पक्ष म्हणतो, यंत्र नशीब बदलत नाही, शक्यता तितकीच राहते, फक्त अंगठ्याचे कष्ट वाचतात. दुसरा पक्ष म्हणतो, रंगाला किंमत आलीच मुळी त्या कष्टांमुळे. ते काढून घेतले तर उरते काय?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण खरी रेघ यांच्या मधून जात नाही. ती पुढे आहे. असे कार्यक्रमही आहेत, जे काही शोधतच नाहीत. ते खेळाच्या नोंदीत हात घालून हवा तो प्राणी हव्या त्या रंगात सरळ लिहून टाकतात. ते पकडणे नव्हे, तो बनावट माल झाला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये योकोहामा येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत अशा फेरफार केलेल्या प्राण्यांमुळे अनेक खेळाडू बाद झाले. योग्य संघ उभारायला फार तास लागतात, ही खेळाडूंची तक्रार होती. ती खोटी नव्हती, पण नियम नियम असतो. एप्रिल २०२४ मध्ये तर जपानमधल्या कोची प्रांताच्या (केरळातले कोची नव्हे) पोलिसांनी असे बनवलेले प्राणी विकल्याच्या संशयावरून एका माणसाला अटक केली.

यंत्राचे बोट या बनावटीहून वेगळे आहे. एखाद्या मुलाने घरात, स्वतःच्या खेळात, स्वतः लिहिलेल्या आज्ञांनी प्राणी मिळवला, तर त्यात कुणाची फसवणूक होत नाही. उलट त्या आज्ञा जुळवताना तो जे शिकतो, ते तेवीस दिवस बटण दाबून शिकला नसता. मात्र तोच प्राणी ‘मी रात्री जागून मिळवला’ असे सांगून त्याने मित्राच्या आवडत्या प्राण्याशी बदलून घेतला, तर गोष्ट निराळी होते. तिथे खोटे रंगाचे नसते, सांगण्याचे असते. आईवडिलांना या खेळातले काही कळत नसले, तरी ‘हा कसा मिळाला, ते मित्राला सांगितलेस का?’ एवढे विचारता येण्यासारखे आहे.

पडद्यावर चांदण्या चमकतात, उशीर मोजला जातो आणि पट्टी बटण दाबायचे थांबते. पुढचे काम बहुधा माणसाचेच असते. सकाळी मुलगा डोळे चोळत येतो, तेव्हा तो प्राणी तसाच उभा असतो, आणि अजून पकडला गेलेला नसतो. चेंडू चुकू शकतो. स्वतःलाही इजा होईल असा हल्ला करून प्राणी आपणहून बेशुद्ध पडू शकतो आणि हजारो खेपा पाण्यात जातात. कधीही न चुकणारा ‘मास्टर बॉल’ सहसा अख्ख्या खेळात एकच हाती येतो. अनुभवी मुले पट्टी जोडण्याआधी तो पिशवीत आहे ना, हे आधी पाहून घेतात.