थेंब पडतो एकीकडे, गळतं दुसरीकडे

गॅरेजच्या फरशीवर, पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढा ओला डाग. ज्याच्या घरी जुनी शेव्रोले कॉर्व्हेट आहे त्याला हा डाग ओळखीचा असतो. माझ्या १९७५ च्या गाडीखाली तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी सरळ पॉवर स्टिअरिंगचा नवा पंप मागवला. पंप बसवला, ऑइल भरलं. चौथ्या दिवशी डाग पुन्हा त्याच जागी हजर. काढून ठेवलेला पंप नंतर नीट पाहिला, तर तो ठणठणीत होता. त्यानंतर इथे ओहायोत ओळखीपाळखीच्या आणखी काही गाड्यांखाली झोपून पाहिलं, आणि लक्षात आलं की ही चूक बहुतेक जण करतात. गळती अवघड नसते. तिच्याविषयीचे समज जास्त त्रास देतात.

सर्वांत मोठा समज असा, की जिथे थेंब पडतो तिथेच गळतं. तेल उताराने वाहतं. पंपाच्या मागून निघालेलं तेल होजवरून ओघळत खाली येतं, रॉडवरून आडवं सरकतं आणि सगळ्यांत खालच्या बोल्टच्या टोकाला लोंबून तिथून टपकतं. गाडी पळत असताना वारा तेच तेल मागे फेकतो, म्हणजे मागचा भाग ओला आणि खरी जागा कोरडी अशीही परिस्थिती येते. म्हणून पाना हातात घेण्याआधी डीग्रीझरने सगळं धुवायचं, वाळू द्यायचं आणि खाली स्वच्छ पुठ्ठा सरकवायचा. मग इंजिन चालू करून एकाने स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि दुसऱ्याने बॅटरी घेऊन बघायचं. पहिला ओला ठिपका जिथे उमटेल, ती जागा. पुसून पुन्हा बघायचं. दोनदा तिथेच उमटला तर शंका नाही. एवढ्यानेही कळलं नाही तर तेलात टाकायचा चमकणारा रंग मिळतो, तो अतिनील दिव्याखाली लख्ख दिसतो. हा धुण्यापुसण्याचा अर्धा तास वाचवायला गेलं की पंपाचे पैसे जातात.

पुढचं समजायचं तर या गाडीचं स्टिअरिंग कसं चालतं ते माहीत हवं, कारण ते आजच्या गाड्यांसारखं नाही. कॉर्व्हेटला पॉवर स्टिअरिंगचा पर्याय १९६३ साली मिळाला, आणि १९८२ पर्यंत रचना मूळची तीच राहिली. १९८४ च्या नव्या पिढीत रॅक अँड पिनियन आलं. जुन्या रचनेत स्टिअरिंग बॉक्स साधा, विनामदतीचा आहे. बॉक्समधून निघणाऱ्या पिटमन आर्मचा गोळा एका कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये बसतो. तुम्ही स्टिअरिंग वळवलं की हा गोळा आतला स्पूल केसभर सरकवतो. तेवढ्याने पंपाकडून आलेलं दाबाखालचं तेल एका सिलिंडरच्या या किंवा त्या बाजूला जातं. या सिलिंडरला सगळे रॅम म्हणतात. त्याचा दांडा चॅसिसला अडकवलेला असतो आणि सिलिंडर चाकं वळवणाऱ्या आडव्या रॉडला. ढकलण्याचं काम तो करतो. पंप आणि व्हॉल्व्हमध्ये दोन होज, व्हॉल्व्ह आणि रॅममध्ये आणखी दोन. चार होजची आठ टोकं, त्यात व्हॉल्व्हचे सील, रॅमच्या दांड्याचं सील आणि पंप. गळायला जागा भरपूर.

यातूनच पुढचा गैरसमज सुटतो. ‘स्टिअरिंग बॉक्स गळतोय’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. या गाडीच्या बॉक्समध्ये पॉवर स्टिअरिंगचं ऑइल नसतंच, ग्रीस असतं. बॉक्स पातळ तेलाने भिजलेला दिसला तर ते तेल वरून कुठूनतरी आलेलं आहे. बॉक्स उघडून काहीही हाती लागणार नाही.

पंपाचंही तसंच. पंप ओला दिसला की शाफ्टचं सील गेलं असं धरून चालतात. पण या सॅगिनॉ पंपावर तेलाची पत्र्याची टाकी टोपीसारखी चढवलेली असते, आणि तिच्या आत एक मोठी ओ-रिंग आणि जोडणीच्या जागी लहान ओ-रिंगा असतात. पन्नास वर्षांत त्या कडक होऊन चपट्या होतात आणि टाकीच्या मागून तेल पाझरतं. पुली आणि तिच्यामागचा भाग कोरडा असेल तर शाफ्टच्या सीलला दोष देऊ नये. पुली काढायची वेळ आलीच तर पुलर वापरावा, हातोडा नको. आणि पंपाकडे वळण्याआधी झाकणाची काडी पाहावी. तेल गरम असताना आणि थंड असताना पातळी वेगळी असते. थंड गाडीत वरच्या खुणेपर्यंत भरलेलं तेल गरम झाल्यावर फुगतं आणि झाकणातून बाहेर येतं. ही गळती नव्हे, जास्त भरल्याचा परिणाम आहे.

‘बाटलीतलं औषध टाका, गळती थांबेल.’ हे अर्धसत्य आहे. अशी औषधं रबर मऊ करून थोडं फुगवतात. सील नुसतं आकसलं असेल तर काही काळ गळती कमी होते. चिरलेल्या होजला किंवा ओरखडे पडलेल्या दांड्याला त्याचा काही उपयोग नाही. मात्र बाटलीतलं औषध एक वेळ चालेल, ब्रेक ऑइल कधीच नाही. ब्रेक ऑइल ग्लायकॉलपासून बनतं, स्टिअरिंगचं खनिज तेलापासून, आणि दोन्हींच्या सीलचं रबर वेगळ्या जातीचं असतं. एकाच्या जागी दुसरं गेलं की सील फुगून निकामी होतात, आणि मग सगळंच उघडावं लागतं.

‘नवं सील टाकलं की काम संपलं’ हा समज रॅमच्या बाबतीत महागात पडतो. रॅमचा दांडा सीलमधून सतत आत-बाहेर करत असतो. तो चिंध्यांनी पुसून त्यावरून नख फिरवायचं. नख कुठे अडलं, गंजाचा खड्डा किंवा ओरखडा लागला, तर ती जागा नव्या सीलला कानशीसारखी घासणार. अशा दांड्यावर सील बदलण्यात अर्थ नाही, रॅमच बदलावा. होजच्या टोकांबद्दल एवढंच: फ्लेअर जोडणीत धातूवर धातू दाबून बसतो, तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. त्याने गळती थांबत नाही, उलट टेपचा तुकडा सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो.

आता धोक्याविषयी. गळतीने स्टिअरिंग एकदम हातातून जाईल अशी भीती लोकांना वाटते. या रचनेत तसं होत नाही. तेल पूर्ण संपलं तरी बॉक्स आणि रॉड जागेवर असतात. गाडी वळते, फक्त खूप जड लागते. खरी भीती आगीची आहे, कारण एक्झॉस्टचा तापलेला भाग जवळच असतो आणि त्यावर उडालेलं तेल पेट घेऊ शकतं. दुसरी भीती हाताची. चालू इंजिनात दाबाच्या होजवरून बोट फिरवून गळती शोधू नये. बारीक छिद्रातून येणारी धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण तिच्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून पाहावं.

आणि ज्या धोक्याबद्दल कोणी बोलत नाही तो दुरुस्तीनंतर येतो. व्हॉल्व्ह उघडून सील बदलले की त्याचा तोल पुन्हा लावावा लागतो. तो चुकला असेल तर इंजिन चालू होताच स्टिअरिंग आपोआप एका बाजूला जाऊन टेकतं, तेही पंपाच्या सगळ्या जोरानिशी. त्यात हात सापडला तर बोटं चिरडतील. म्हणून आधी गाडीची पुढची बाजू स्टँडवर घ्यायची आणि रॅमचा दांडा चॅसिसच्या ब्रॅकेटमधून सोडवायचा. इंजिन चालू केल्यावर दांडा आतच बसून राहिला तर व्हॉल्व्हच्या टोपीखालचा नट उजवीकडे फिरवायचा. दांडा बाहेर निघू लागला की थांबायचं. मग तो आत जाऊ लागेपर्यंत नट उलटा फिरवायचा. या दोन जागांमध्ये नट जेवढा फिरला, त्याच्या बरोबर निम्मा पुन्हा उजवीकडे. नट उगाच मागेपुढे करत राहायचं नाही. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा पुतण्या इंजिनाच्या चावीपाशी बसला होता आणि मी खाली पाठीवर पडून होतो. दांडा चार-पाच इंच बाहेर आला, थांबला, मग हळूच आत सरकायला लागला. नट मधोमध आला आणि दांडा जागच्या जागी स्थिर झाला. इंजिन बंद केल्यावरच तो ब्रॅकेटला परत जोडला.

शेवटी हवा काढायची. चाकं वर, इंजिन बंद, आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा, मधूनमधून तेलाची पातळी बघत. तेलात फेस दिसला किंवा नंतर इंजिन चालू केल्यावर पंप घोंगावला तर हवा अजून आहे. गाडी तासभर तशीच ठेवून पुन्हा फिरवायचं. स्टिअरिंग टोकाला दाबून धरून ठेवायचं नाही, कारण तिथे दाब आणि उष्णता दोन्ही चढतात. पहिल्या शंभर मैलांनंतर होजची आठही टोकं कोरड्या फडक्याने पुसून बघावीत, आणि त्या रात्री पुठ्ठा पुन्हा गाडीखाली सरकवावा.