वर गडनदी, खाली कालावल खाडी

पावसाळी उधाण आलं की मालवणजवळच्या तळाशीलची बातमी ठरलेली: किनारा कापला, माड आडवे झाले, ग्रामस्थांनी धूपप्रतिबंधक बंधारा मागितला. मागणी रास्तच आहे. पण ही बातमी फक्त समुद्राची म्हणून छापली जाते, तिथे निम्मी गोष्ट सुटते. तळाशीलच्या पाठीला नदी आहे.

मालवणच्या दक्षिणेला कर्ली, उत्तरेला गडनदी. सह्याद्री ते समुद्र हे अंतर सरळ रेषेत जेमतेम ५० किलोमीटर. घाटमाथ्यापलीकडे पडलेला पाऊस दूधगंगा-वेदगंगेतून कृष्णेला मिळतो आणि पार बंगालच्या उपसागरात जातो. अलीकडचा नरडवे, कणकवली करत मालवण गाठतो. वाटेत जानवली मिळते, तरी नाव गडनदीच राहतं. मसुऱ्याकडे भरतीचं पाणी चढतं आणि त्याच प्रवाहाची कालावलची खाडी होते. इथे दोन काठांवर भरतगड आणि भगवंतगड समोरासमोर उभे आहेत. या जलमार्गाचं मोल त्यावरूनच कळतं. पात्रात मसुरकर खोत जुव्यासारखी वस्तीची बेटं आहेत.

खरी गंमत मुखाशी. समुद्र हाकेवर आला तरी नदी सरळ आत शिरत नाही. लाटांनी रचलेल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यामागून ती दक्षिणेला वळते आणि सर्जेकोटजवळ समुद्राला मिळते. तो पट्टा म्हणजेच तोंडवळी-तळाशील. कर्लीच्या मुखाशी देवबागची ठेवणही हीच. अशी जमीन वाळूच्या जमाखर्चावर टिकते. वरून नदी वाळू आणते, लाटा ती पसरतात, उधाण ओढून नेतं.

आता जमेची बाजू बघा. नरडव्याला धरण, धरण पाणी अडवतं तसा गाळही. खाडीत वाळूउपसा. हातपाटी आणि डुबीनं माणूस काढतो ती वाळू वेगळी, यंत्र ओरबाडतं ती वेगळी. पात्र खोल गेलं की काठ ढासळतात, खारं पाणी आणखी वर चढतं. समुद्राकडून भिंत घातली तरी तिच्या टोकाशी धूप सुरू होते, आणि पाठीमागून नदी पोखरतेच.

धरण जलसंपदा खात्याकडे, वाळूचा लिलाव महसूलकडे, बंधारा पतन विभागाकडे. एवढ्याशा नदीचे इतके तुकडे परवडणारे नाहीत. नरडव्यापासून सर्जेकोटपर्यंत वाळूचा एकच हिशेब मांडावा आणि तो मांडेपर्यंत खाडीत यंत्र उतरू देऊ नये. तळाशीलला दगडांइतकीच वाळूचीही गरज आहे.